'तर' आणि 'तरच': लॉजिक शिकताना मी जिथे अडकले

ज्यांचं बीसीए किंवा बीएस्सीला डिस्क्रीट मॅथ्स (लॉजिक त्यातच येतं) नुकतं सुरू झालंय त्यांच्यासाठी लिहितेय. आणि, किंवा, नाही, जर-तर यांची चिन्हं आणि ट्रूथ टेबल कसं मांडायचं हे तुम्हाला येतं असं धरून चालते, तेवढं कुणीही शिकवतं.

मी कर्नाटकात, बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यातली. दहावीपर्यंत मराठी मीडियम, मग पीयूसी (म्हणजे आमची अकरावी-बारावी) आणि बीसीए बेळगावात. पुस्तक इंग्लिशमध्ये, सर समजावणार कन्नडमध्ये आणि मी डोक्यात त्याचं मराठी करत बसणार. चंदगडची माझी मामेबहीण महाराष्ट्र बोर्डाची, तिच्या बारावीच्या गणितात पहिलाच धडा लॉजिकचा, मला मात्र हे सगळं कॉलेजात पहिल्यांदाच नीट दिसलं. पहिल्या इंटरनलला वीसपैकी चार पडले. आज ज्युनिअर पोरींना हाच विषय समजावते तरी तो पेपर आठवला की पोटात गोळा येतो.

चार का पडले ते सविस्तर सांगते, कारण बाकीचं तुम्ही वाचून शिकाल पण हे कुणी थांबून सांगत नाही.

'ओन्ली इफ' (म्हणजे 'तरच') आलं की मी जर-तरचा बाण (→) उलटा काढायची. दर वेळी. सर सांगायचे "इद्दरे मात्र", आणि माझं कन्नड तेव्हा बाजारापुरतं, मला ते 'मात्र' आपल्या मराठीतल्यासारखं 'पण' वाटायचं. कन्नडमध्ये तिथे त्याचा अर्थ 'फक्त'. म्हणजे सर 'असेल तरच' म्हणत होते आणि मी 'असेल तर' लिहून घेत होते, पूर्ण महिनाभर.

कळलं ते बसमध्ये. ११ जून २०२३ ला कर्नाटक सरकारची शक्ती योजना सुरू झाली, बायकांना सरकारी साध्या बसमधून मोफत प्रवास, त्यानंतरच्या आठवड्यात मी आणि धाकटा भाऊ खानापूरहून बेळगावला निघालो होतो. कंडक्टर सगळ्यांना सांगत होते, कर्नाटकचं ओळखपत्र असेल तरच झिरो तिकीट. मला झिरो तिकीट मिळालं, भावाला पैसे द्यावे लागले. तो म्हणाला, "अक्का, माझं पण आधार कर्नाटकचंच हाय की, मग मला का नाही?" मी म्हटलं अरे तू मुलगा आहेस, आणि बोलता बोलताच गप्प झाले.

कारण माझ्या सवयीप्रमाणे मी हे वाक्य 'ओळखपत्र → झिरो तिकीट' असं लिहिलं असतं. वाक्यात ओळखपत्र आधी येतं ना, म्हणून. आता बाण खोटा कधी पडतो? डावीकडचं खरं आणि उजवीकडचं खोटं, फक्त तेव्हाच. भावाकडे ओळखपत्र आहे, झिरो तिकीट नाही, म्हणजे माझा बाण तिथेच मोडला. पण कंडक्टरांचा नियम मोडला का? अजिबात नाही. मग नियमाचा बाण तो नाहीच. नियम आहे 'झिरो तिकीट → ओळखपत्र': ज्याच्या हातात झिरो तिकीट दिसेल त्याच्याकडे कर्नाटकचं ओळखपत्र असणारच. ओळखपत्र लागतंच, पण तेवढं पुरत नाही. एका 'च'ने बाणाची दिशा फिरते, आणि आपण रोज बोलतो म्हणून तो 'च' कानाला लागतच नाही.

अजूनही गोंधळले की मी वाक्य नकारात करून बघते. ओळखपत्र नाही तर झिरो तिकीट नाही, हे कुणालाही पटतं. आता दोन्हीतला 'नाही' काढा आणि जागा बदला: झिरो तिकीट → ओळखपत्र. यालाच काँट्रापॉझिटिव्ह म्हणतात, मूळ विधानाइतकंच ते खरं असतं. नुसत्या जागा बदलून जे मिळतं ते कॉन्व्हर्स, त्याची काहीच गॅरंटी नाही.

तुम्हीही इथे चुकत असाल तर स्वतःला ढ समजू नका, प्लीज. १९६६ मध्ये पीटर वेसन नावाच्या ब्रिटिश मानसशास्त्रज्ञाने चार कार्डांचं कोडं मांडलं. प्रत्येक कार्डाच्या एका बाजूला अक्षर, दुसऱ्या बाजूला संख्या, आणि समोर दिसतात एक स्वर, एक व्यंजन, एक सम संख्या, एक विषम संख्या. नियम असा: एका बाजूला स्वर असेल तर दुसऱ्या बाजूला सम संख्या, मग नियम तपासायला कुठली कार्डं उलटायची? बहुतेक लोक चुकले, शिकलेले लोक सुद्धा. सम संख्येचं कार्ड उलटतात, त्याची गरज नसते, आणि विषम संख्येचं तसंच सोडतात. तेच कोडं १९८२ मध्ये ग्रिग्ज आणि कॉक्सनी बिअर पिणाऱ्याच्या वयावर बेतून विचारलं तर बऱ्याच जणांना जमलं. म्हणून मी पोरींना बसचंच विचारते. चेकर चढला, चार पॅसेंजर: एकीच्या हातात झिरो तिकीट, एकाच्या हातात पैशाचं तिकीट, एकाच्या हातात कोल्हापूरच्या पत्त्याचं आधार, एकीच्या हातात बेळगावच्या पत्त्याचं. नियम मोडलाय का हे बघायला कुणाला थांबवायचं? झिरो तिकीटवालीचं ओळखपत्र आणि कोल्हापूरवाल्याचं तिकीट. बाकी दोघं काहीही दाखवू देत, नियम मोडत नाही. 'डावीकडचं खोटं असेल तर अख्खं विधान खरं' ही ट्रूथ टेबलची ओळ सगळ्यांना खटकते, ती पैशाच्या तिकीटवाल्याकडे बघून मला पहिल्यांदा पटली.

बाकीच्या खाचा पटकन सांगते. आपली 'की' वेगळी आणि 'किंवा' वेगळं: "चहा की कॉफी" म्हणजे एकच निवड, पण लॉजिकमधल्या 'किंवा'त दोन्ही खरं असलं तरी चालतं. आणि "सगळी पोरं आली नाहीत" हे मराठीत दोन अर्थांनी जातं, एकही आलं नाही किंवा फक्त काही आली. 'सगळे'चा नकार म्हणजे 'किमान एक तरी नाही', 'कुणीच नाही' नव्हे. 'आणि'चा नकार केला की त्याचं 'किंवा' होतं आणि दोन्ही भागांना 'नाही' लागतं, हा डी मॉर्गनचा नियम याच घरातला. (हा ऑगस्टस डी मॉर्गन जन्मला आपल्या मदुराईत, १८०६ मध्ये.)

शॉर्टकटबद्दल माझं मत कडक आहे. बँकेच्या परीक्षेसाठी सिलॉजिझमच्या (दिलेल्या विधानांवरून निष्कर्ष काढायचे प्रश्न) ट्रिकचे व्हिडिओ असतात ते डिस्क्रीटच्या आधी बघू नका. तिथे उत्तराचा पर्याय मिळतो, इथे प्रत्येक पायरी का चालते ते लिहावं लागतं. मी एका क्लासला पैसे भरले होते, तिथे टेबल पाठ करा एवढंच सांगितलं, आणि तीनच्या जागी चार व्हेरिएबल आले, आठच्या सोळा ओळी झाल्या की पाठांतर कोसळलं. त्यापेक्षा कॉलेजातली एक सीनिअर अक्का बरी, ती उत्तर कधीच द्यायची नाही, फक्त म्हणायची, "मोडून दाखव." म्हणजे विधान खोटं पडेल असं एक उदाहरण आण. शिकवणारं माणूस निवडताना एवढंच बघा, की ते तुम्हाला उदाहरण शोधायला लावतंय का.

पहिले तीन आठवडे वाईट जातील, रडू येईल, मलाही आलं. रोज बोलण्यातलं एक 'तरच' पकडा आणि वहीत त्याचा बाण काढा. दुसऱ्या इंटरनलला मला वीसपैकी पंधरा पडले, आणि गेलेल्या पाचातले दोन परत 'ओन्ली इफ'चेच होते.