कारखान्याची वार्षिक सभा: सभासदांनो, या चुका टाळा

सप्टेंबर आला की सहकारी साखर कारखान्यांच्या सभेच्या नोटिसा येऊ लागतात. मार्चअखेर वर्ष संपलं की सहा महिन्यांच्या आत वार्षिक सर्वसाधारण सभा घेणं महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, १९६० च्या कलम ७५ प्रमाणे बंधनकारक आहे. सभा होते, मंडप भरतो आणि एकेक विषय ‘मंजूर, मंजूर’च्या गजरात निघून जातो. संचालकांना दोष देण्याआधी आपण सभासद कुठे कमी पडतो ते बघू.

सगळ्यात मोठी चूक म्हणजे सभा मंडपात सुरू होते असं धरून चालणं. ती नोटीस हातात पडते तेव्हाच सुरू होते. नोटिशीच्या तळाशी बारीक अक्षरात टीपा असतात, त्या वाचा. एकीत बहुधा लिहिलेलं असतं की प्रश्न अमुक दिवस आधी लेखी द्यावेत. दुसरीत असतं की गणसंख्येअभावी, म्हणजे ठरलेली किमान हजेरी नसल्याने, तहकूब झालेली सभा त्याच जागी अर्ध्या तासाने होईल आणि तिला गणसंख्येची गरज राहणार नाही. म्हणजे तुम्ही घरी बसलात तरी ठराव होणारच.

मी स्वतः एका वर्षी सभेत उभा राहून तोडणी-वाहतुकीच्या खर्चाबद्दल विचारलं. माईक पुढे सरकला. पुढच्या सभेत इतिवृत्त वाचलं गेलं तेव्हा त्यात एवढंच होतं: ‘सविस्तर चर्चा होऊन सर्वानुमते मंजूर.’ त्यानंतर मी प्रश्न लेखी दिला, आवक क्रमांक आणि शिक्क्यासह पोच घेतली. या वेळी उत्तर वाचून दाखवावं लागलं. पोचेशिवाय अर्ज देऊ नका, हे मी प्रत्येकाला कळकळीने सांगतो.

प्रश्नही मोघम नको. ‘उसाला भाव का नाही?’ याला भाषणच उत्तर म्हणून मिळतं. तोडणी-वाहतूक खर्च एफआरपीतून, म्हणजे केंद्राने ठरवलेल्या उसाच्या किमान दरातून, वजा होतो, तेव्हा तो प्रतिटन किती धरला, गेल्या वर्षी किती होता, फरक कशामुळे पडला, असं विचारा. त्यासाठी अहवालातले फोटो आणि मनोगत ओलांडून ताळेबंदापर्यंत जावं लागतं. लेखापरीक्षण अहवाल, त्यात दाखवलेल्या चुका कशा सुधारल्या हे सांगणारा दोषदुरुस्ती अहवाल आणि संचालक किंवा त्यांच्या कुटुंबीयांना कर्ज दिलं असल्यास त्याचा तपशील सभेपुढे यायला हवा. लेखापरीक्षकही सभेनेच नेमायचा असतो. हा विषय तर डोळे झाकून मंजूर होतो.

‘कागद दाखवत नाहीत’ ही तक्रार तोंडी करून सोडून देणं ही पुढची चूक. त्याच कायद्याच्या कलम ३२ प्रमाणे कार्यालयीन वेळेत पोटनियम (कारखान्याची स्वतःची नियमावली), शेवटचा लेखापरीक्षित ताळेबंद, सभासद नोंदवही, सर्वसाधारण सभेची आणि संचालक मंडळाची इतिवृत्तं सभासदाला विनामूल्य पाहता येतात. ठरलेली फी भरून प्रतीही मागता येतात. कलमाचा उल्लेख करून अर्ज द्या.

एकट्याने लढू नका. एक पंचमांश सभासदांनी लेखी मागणी केली तर महिन्याच्या आत विशेष सर्वसाधारण सभा बोलवावी लागते. वीस हजार सभासद असतील तर चार हजार सह्या झाल्या, म्हणून लोक सुरुवातीलाच हात टेकतात. पण पोटनियमात यापेक्षा कमी संख्या दिली असेल तर तीच लागू होते. म्हणून सह्यांना निघण्याआधी पोटनियम उघडा.

शेवटची चूक घराघरात दिसते. शेअर वडिलांच्या नावावर, वडील जाऊन कित्येक वर्षं झाली आणि दाखला अजून पेटीतच. मयत सभासदाचं मत मुलाला देता येत नाही, हयात वडिलांच्या वतीनेही देता येत नाही. संचालकांच्या निवडणुकीची मतदार यादी लागल्यावर हरकतीला मोजकेच दिवस मिळतात आणि तेवढ्यात वारसनोंद उरकत नाही. मृत्यूचा दाखला आणि शेअरचा दाखला घेऊन शेअर विभागात याच महिन्यात अर्ज द्या, आणि त्याचीही पोच घ्या.