प्रेमकथेतली सत्ता: या चुका टाळा

"माझ्या कथेत राजकारण नाहीच, नुसतं प्रेम आहे," असं लिहिणारे छातीठोकपणे सांगतात. कथा उघडावी तर नायक कंपनीचा मालक आणि नायिका तिथेच प्रोबेशनवर!

तिला कायम करण्याचं पत्र सहीसाठी त्याच्या टेबलावर पडलंय आणि तो विचारतो, "उद्या जेवायला येशील?" ती लाजून हो म्हणते. लेखकाला वाटतं, प्रसंग जमला. वाचणारीची नजर मात्र त्या पत्रावरून हलत नाही. अशा वेळी मी एकच विचारते: ती 'नाही' म्हणाली तर तिचं काय जाईल? नोकरीच जाणार असेल, तर तो होकार मनाचा की पोटाचा, हे तिलाही सांगता येणार नाही. यावर उपाय म्हणून शेवटच्या प्रकरणात तिला राजीनामा द्यायला लावतात. म्हणजे किंमत पुन्हा तिनेच मोजायची! त्यापेक्षा सही दुसऱ्या कुणाच्या हातात द्या, मग विचारू दे त्याला. किंवा तिला सरळ नाही म्हणू द्या आणि तरीही पत्र वेळेवर येऊ द्या. तो माणूस कसा आहे, हे तेवढ्यात कळतं.

नायिका फटकळ केली की बरोबरी साधली, हाही एक गैरसमज. 'जेन एअर' या इंग्रजी कादंबरीतली शिक्षिका जेन आपल्या मालकाला, रॉचेस्टरला, पहिल्यापासून तोडीस तोड उत्तरं देते, पण १८४७ च्या त्या कादंबरीत शार्लट ब्राँटे तेवढ्यावर थांबत नाही. जेनला काकाचे २०,००० पौंड मिळतात, ती ते तीन भावंडांत वाटून स्वतःला ५,००० ठेवते आणि मगच त्याच्याकडे परतते. (त्याला आंधळं करणं मात्र जरा जास्तच झालं.) त्या काळातल्या इंग्लंडची कथा लिहीत असाल तर आणखी एक खाचखळगा आहे. लग्नानंतर बायकोचा पैसा सहसा नवऱ्याचा होई. चित्र खऱ्या अर्थाने पालटलं ते १८८२ च्या कायद्याने. तेव्हा श्रीमंत नायिका लग्नानंतरही आपोआप स्वतंत्र राहील असं धरून चालू नका.

आणि दोन विरोधी पक्षांतले प्रेमिक? तिसऱ्या प्रकरणात कडाक्याचं भांडण, दहाव्यात चुंबन, अकराव्यात मतभेद गायब. तसं करू नका. सभागृहात तिचा प्रस्ताव त्याच्या एका मताने पडू द्या. त्याच रात्री तो दारात उभा आहे आणि कडी आतून तिच्या हातात आहे. हा प्रसंग लिहायचा टाळण्यासाठीच बरेच जण चुंबन लवकर उरकून घेतात.