मंदीत आधी अडकलेली येणी सोडवा

मंदीत छोटा कारखाना बसतो तो बहुतेकदा अडकलेल्या पैशामुळे. म्हणून माणसं कमी करण्याआधी येणी तपासा. माल बनवत असाल किंवा सेवा देत असाल, तर ‘उद्यम’ ही छोट्या उद्योगांसाठीची सरकारी नोंदणी लगेच करा. ती मोफत आहे, एजंटला पैसे देऊ नका. क्रमांक प्रत्येक बिलावर छापा. २००६च्या एमएसएमईडी (सूक्ष्म, लघु आणि मध्यम उद्योग विकास) कायद्याने सूक्ष्म आणि लघु उद्योगांचे पैसे लेखी करार नसल्यास १५ दिवसांत, असल्यास जास्तीत जास्त ४५ दिवसांत द्यावे लागतात. पुढे रिझर्व्ह बँकेने ठरवलेल्या ‘बँक रेट’च्या तिप्पट दराने चक्रवाढ व्याज. शिवाय मुदत उलटली, तर प्रत्यक्ष पैसे देईपर्यंत ती रक्कम माल किंवा सेवा घेणाऱ्या ग्राहकाला आयकरात खर्च म्हणून दाखवता येत नाही. मार्चआधी हे त्याला नम्रपणे, पण लेखी कळवा. एरवी फोन न उचलणारे अकाउंट्सवालेही मग उत्तर देतात. नुसत्या खरेदी-विक्रीच्या व्यवसायाला मात्र हे संरक्षण मिळत नाही.