अपडेट आलं, पण लागलं का? या चुका टाळा

१४ मार्च २०१७ रोजी मायक्रोसॉफ्टने विंडोजच्या सुरक्षेतलं एक भगदाड बुजवणारा पॅच, म्हणजे दुरुस्तीचं अपडेट, दिला. १२ मे रोजी वॉनाक्राय हे रॅन्समवेअर, म्हणजे फाइल्स कुलूपबंद करून खंडणी मागणारं सॉफ्टवेअर, जगभर पसरलं, ते त्याच भगदाडातून. ब्रिटनच्या सरकारी रुग्णालयांत ठरलेल्या शस्त्रक्रिया रद्द झाल्या. पॅच दोन महिने आधीच आलेला होता, फक्त बऱ्याच मशीनवर तो लागलेला नव्हता.

आपल्याकडे तो राहून जातो तो बहुतेक वेळा रीस्टार्टपाशी. ऑफिसमध्ये संध्याकाळी शट डाउन, सकाळी चालू, आणि आपल्याला वाटतं की मशीन रोज नव्याने सुरू होतंय. तसं होत नाही. विंडोज १० आणि ११ मध्ये फास्ट स्टार्टअप सहसा आधीपासूनच चालू असतं. शट डाउन करताना विंडोजच्या गाभ्याची स्थिती डिस्कवर जपली जाते आणि सकाळी तीच परत उचलली जाते. त्यामुळे काही अपडेट अर्धवटच राहतात. पॉवरच्या मेनूत ‘अपडेट अँड रीस्टार्ट’ दिसलं की तेच दाबा. मग सेटिंग्जमध्ये विंडोज अपडेटच्या ‘अपडेट हिस्टरी’त जाऊन बघा. तिथे ‘फेल्ड’ लिहिलेलं असेल तर अपडेट लागलेलं नाही.

क्रोमचंही तेच. नवी आवृत्ती गुपचूप उतरते, पण ब्राउझर बंद करून उघडेपर्यंत चालते ती जुनीच. टॅब हरवतील म्हणून आठवडेच्या आठवडे ब्राउझर उघडा ठेवणं मला तरी फार महागाचं वाटतं. तीन टिंबं, हेल्प, अबाउट गूगल क्रोम; तिथे ‘रीलाँच’ दिसलं तर लगेच करा.

अपडेट सारखं अडकत असेल तर आधी सी ड्राइव्हवरची जागा बघा. स्टोरेजमधल्या टेम्पररी फाइल्स काढल्या की बऱ्याचदा काम होतं, फक्त त्या यादीत डाउनलोड्स फोल्डरवर खूण नाही ना, एवढं तपासा. मोबाइलच्या हॉटस्पॉटवर असाल आणि कनेक्शन ‘मीटर्ड’ (डेटा जपून वापरायचं) असं लावलेलं असेल, तर विंडोज बरेच अपडेट थांबवून ठेवतं. अपडेट चालू असताना वीज जाऊ देऊ नका. लॅपटॉप चार्जरवर, डेस्कटॉप यूपीएसवर हवा.

विंडोज अपडेट झालं म्हणजे सगळं झालं, हाही गैरसमज. दाबून लहान केलेल्या फाइल्स उघडणारं विनरार स्वतःहून अपडेट होत नाही. ऑगस्ट २०२३ मध्ये त्यातलं एक गंभीर छिद्र ६.२३ आवृत्तीत बुजवलं गेलं. त्याआधीची आवृत्ती असेल तर नवी तुम्हालाच उतरवून घ्यावी लागेल. ती कंपनीच्या साइटवरूनच घ्या. ‘तुमचा ब्राउझर जुना झालाय, इथे क्लिक करा’ असं एखादं वेबपेज सांगत असेल तर ते सरळ बंद करा.

आणि विंडोज १० वाल्यांनो, १४ ऑक्टोबर २०२५ रोजी त्याचा नेहमीचा सपोर्ट संपला. अपडेटची कटकट थांबली म्हणून निश्चिंत राहू नका. विंडोज अपडेटच्या पानावर वाढीव सुरक्षा अपडेटसाठी नोंदणीचा पर्याय दिसतो का बघा, किंवा मशीनला झेपत असेल तर विंडोज ११ घ्या. यातलं एक होईपर्यंत त्या मशीनवरून बँकेचे व्यवहार नकोत.