सुकाणूची तयारी: समुद्रावर जाण्याआधी सोलापुरातच उरकायची कामं

छोटी शिडाची होडी ट्रेलरवर चढवून सोलापूरहून कोकणात न्यायची असेल, तर सुकाणूचं सगळं काम घरच्या अंगणातच उरका. किनारा दिसेनासा झाल्यावर सुकाणू गेलं, तर हाताशी लेथ नसते आणि वेल्डरही नसतो. नौदलाची ‘तारिणी’ ५५ फुटी, उत्तम निगा राखलेली. तरी पृथ्वीप्रदक्षिणेवरून परतताना एप्रिल २०१८ मध्ये तिच्या स्टीअरिंगमध्ये बिघाड झाला आणि तिला मॉरिशसच्या बंदरात शिरावं लागलं.

आधी सुकाणू उतरवून सावलीत आडवं ठेवा आणि एका नाण्याने सगळं पातं वाजवून बघा. टणक आवाज आला तर ठीक. बद्द आवाज येतो तिथे फायबरचा थर आतल्या फोमपासून सुटलेला असतो. खालच्या कडेतून पाणी पाझरतंय का, हेही दोन-चार दिवस बघा. ते तपकिरी असेल, तर आतलं लोखंड-स्टील खातंय असं समजा. स्टेनलेस स्टीललासुद्धा गंजापासून वाचायला ऑक्सिजन लागतो आणि ओल्या, बंद फोममध्ये तो मिळत नाही. त्यामुळे पात्यात बसवलेला, बाहेर चकचकीत दिसणारा स्टीलचा दांडा आत खचलेला असू शकतो. अशी शंका आली की पातं उघडाच, वरवर रंग मारून समुद्रावर नेऊ नका.

मग बिजागऱ्या. पिनचा घासला न जाणारा वरचा भाग आणि रोज घासणारा भाग, दोन्ही व्हर्नियरने मोजा. फरक दिसला तर जुनी पिन घेऊन अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या एखाद्या लेथवाल्याकडे जा आणि ३१६ ग्रेडचाच रॉड हवा असं बजावून सांगा. ३०४ दिसायला तसाच, पण खाऱ्या पाण्यात त्याला लवकर खड्डे पडतात. बुश, म्हणजे पिनभोवतीची नळी, नायलॉनचा नको, तो पाणी पिऊन फुगतो आणि सुकाणू जाम होतं. डेलरिन या टणक प्लास्टिकचा घ्या. पिनच्या टोकाला भोक पाडून स्प्लिट पिन घालायला विसरू नका, नाहीतर होडी उलटल्यावर सुकाणू वर उचललं जाऊन निसटून जातं. होडीच्या मागच्या फळीतला निदान एक बोल्ट पूर्ण बाहेर काढून बघा, कारण तो फळीच्या आतच झिजतो.

पात्याच्या मागच्या कडेला, वरच्या बाजूला, एक आरपार भोक पाडा आणि कडा एपॉक्सीने सील करा. सुकाणू फिरवायचा हातातला दांडा (टिलर) मोडला तर त्या भोकातून दोर ओवून दोन्ही बाजूंनी सुकाणू ओढता येतं. इतक्या कमी खर्चात इतका आधार देणारं दुसरं काम मला माहीत नाही. हातातला दांडा मात्र एक जादा ठेवाच.

आता उजनीच्या बॅकवॉटरला चला. सराव हिवाळ्यातल्या हलक्या वाऱ्यात, लाइफ जॅकेट घालून करा. वळवाच्या दिवसांत दुपारी तिथे वारा अचानक उठतो, तेव्हा पाण्यात उतरू नका. सुकाणू काढून होडीत ठेवा आणि फक्त शिडांवर होडी वळवा. पुढचं शीड ताणलं की नाळ, म्हणजे होडीचं पुढचं टोक, वाऱ्यापासून दूर जाते, मोठं शीड ताणलं की वाऱ्याकडे येते. होडी डावीकडे कलवली की ती उजवीकडे वळू पाहते. सुरुवातीला ती गरगर फिरेल, फिरू द्या. शिडं लहान केली की ताबा पुष्कळ सोपा होतो.

लाटांमध्ये एवढ्यावर भागत नाही. तिथे माझा भरवसा ड्रोगवर आहे. ही नरसाळ्याच्या आकाराची जाड कापडी पिशवी ताडपत्री शिवणाऱ्याकडून करून घेता येते. तिला लांब दोर बांधून मागे सोडा आणि होडीच्या मागच्या दोन्ही कोपऱ्यांवरून दोन दोर त्या दोराला जोडा. ओढ उजव्या कोपऱ्यावर आणली की नाळ उजवीकडे वळते, डाव्यावर आणली की डावीकडे. मागे बांधलेल्या वल्ह्यानेही वळवता येतं, पण वाऱ्यात हात लवकर भरून येतात.

समुद्रात सुकाणू गेलंच, तर आधी शिडं उतरवा आणि सुकाणूच्या जागेतून पाणी आत येतंय का ते बघा. येत असेल तर पहिलं काम भोक बुजवण्याचं. तटरक्षक दलाचा नंबर १५५४, पण मोबाईलला रेंज किनाऱ्यालगतच मिळते. म्हणून व्हीएचएफ रेडिओ सोबत असू द्या आणि संकटात मदत मागायच्या चॅनल १६ वर बोला. जीपीएसचे आकडे सगळ्यात आधी सांगा, मग होडीत माणसं किती आणि पाणी शिरतंय की नाही ते.