बुद्धिबळ शिकायचे तर पट आधी रिकामा ठेवा

ठाण्याच्या नौपाड्यातील आमच्या सोसायटीच्या सभागृहात रविवारी सकाळी बुद्धिबळ शिकायला शाळकरी मुले येतात, तसेच चाळिशी ओलांडलेले नोकरदारही येतात, आणि डावाची सुरुवात कशी करावी ते आधी सांगा, अशीच बहुतेकांची मागणी असते. परंतु ३२ मोहरे एकदम मांडले की नवशिक्याला एकेका मोहऱ्याची ताकद कळत नाही, नुसती गर्दी दिसते. म्हणून मी थोड्या मोहऱ्यांपासून आरंभ करायला सांगतो.

पट ठेवताना प्रत्येक खेळाडूच्या उजव्या हाताच्या कोपऱ्यात पांढरे घर यावे आणि वजीर आपल्याच रंगाच्या घरात असावा. चाली कोणीही अर्ध्या तासात शिकवू शकेल. घरातील आजोबांकडून खेळ शिकला असल्यास मात्र नियम पडताळून घ्यावेत, कारण जुन्या देशी पद्धतीत प्यादे पहिल्या चालीतही एकच घर पुढे जात असे. आंतरराष्ट्रीय नियमांत ते पहिल्या चालीला दोन घरे जाऊ शकते. किल्लेकोटासाठी (राजा हत्तीच्या दिशेने दोन घरे सरकतो आणि तो हत्ती राजाला ओलांडून त्याच्या शेजारी येतो, ती चाल) राजा आणि तो हत्ती त्याआधी हललेले नसावेत, त्यांच्यामधली घरे रिकामी असावीत, राजाला शह नसावा आणि तो ज्या घरावरून जातो किंवा जिथे पोहोचतो ते घर शत्रूच्या माऱ्यात नसावे.

पहिला आठवडा फक्त प्याद्यांचा. दोन्ही बाजूंनी आठ-आठ प्यादी मांडावीत आणि ज्याचे प्यादे शेवटच्या ओळीत आधी पोहोचेल तो जिंकला, असे ठरवावे. पुढच्या आठवड्यात त्यात दोन्ही राजे घालावेत. नवशिका राजाला लपवून ठेवण्याची वस्तू समजतो. वस्तुतः मोहरे कमी झाल्यावर राजानेच पुढे यायचे असते. पटावर दोन राजे आणि आपले एकच प्यादे उरले असेल, आणि आपला राजा आपल्या बाजूने सहाव्या ओळीत त्या प्याद्याच्या लगेच पुढे उभा असेल, तर चाल कोणाचीही असो, डाव जिंकता येतो. अपवाद फक्त कडेच्या प्याद्यांचा. हे घरी प्रत्यक्ष मांडून दोन्ही बाजूंनी खेळावे, नुसते वाचून ते हाताला लागत नाही.

त्यानंतर दोन हत्तींनी मात करायला शिकावे. एक हत्ती एक आडवी ओळ अडवतो, दुसरा पुढच्या ओळीवरून शह देतो आणि शत्रूचा राजा एकेक पायरी कडेला सरकत जातो. तो हत्तीजवळ आला, तर हत्ती त्याच ओळीत दूरच्या टोकाला न्यावा. याच सरावात कोंडी म्हणजे काय तेही कळते. राजाला शह नाही, पण एकही नियमानुसार चाल उरली नाही, तर डाव बरोबरीत सुटतो आणि हातातला विजय जातो.

आता पूर्ण पट मांडावा. प्रत्येक चालीपूर्वी स्वतःला एकच प्रश्न विचारावा: समोरच्याने ही चाल का केली? उदाहरणार्थ, दोघांनीही राजापुढचे प्यादे दोन घरे पुढे घेतल्यावर पांढऱ्याने दुसऱ्याच चालीला वजीर एच ५ वर आणला (पांढऱ्याच्या डावीकडून उभ्या रांगा ए ते एच, त्याच्या बाजूने आडव्या ओळी १ ते ८), तर अनेक मुले त्याला हाकलण्यासाठी लगेच जी ६ खेळतात, आणि वजीर ई ५ वरचे प्यादे मारून शहाबरोबर कोपऱ्यातल्या हत्तीवरही नजर ठेवतो. आधी घोडा सी ६ वर आणून प्यादे राखणे हेच योग्य. मोहऱ्यांची किंमतही (प्यादे १, घोडा आणि उंट ३, हत्ती ५, वजीर ९) या टप्प्यावर खरी उपयोगी पडते, कारण मारामारीचा हिशेब आता करावा लागतो.

ठाण्याहून वाशीला लोकलने जाणाऱ्यांना साधारण अर्धा तास मिळतो. त्या वेळात फोनवर तीन मिनिटांचे डाव खेळू नयेत, कारण त्यातून घाईची सवय लागते. त्याऐवजी एका किंवा दोन चालींत मात करण्याची कोडी सोडवावीत. लिचेस या संकेतस्थळावर ती विनामूल्य मिळतात. घरी मात्र खऱ्या पटावर खेळावे, हात लावलेलाच मोहरा चालवण्याचा नियम पाळावा आणि चाली वहीत लिहाव्यात. हरलेला डाव त्याच संध्याकाळी पुन्हा मांडून, पहिला मोहरा फुकट कोणत्या चालीला गेला, तिथे खूण करावी.