पुण्याचं मोठं नाव की सोलापुरातलं परवडणारं कॉलेज? पर्याय भरण्याआधी करायचा हिशेब

सीईटीचा निकाल लागला की सोलापुरात घरोघरी एकच वाद रंगतो: पोराला इंजिनीअरिंगला पुण्याला पाठवायचं की इथंच घालायचं? एक जण माहितीपत्रकातली फी सांगतो, दुसरा 'सर्वाधिक पॅकेज' सांगतो, आणि वाद तिथंच अडतो. खरं तर हे दोन्ही आकडे कामाचे नाहीत. चार वर्षांत आपल्या घरातून किती पैसे जाणार आणि त्या शाखेतल्या साधारण मुलाला शेवटी काय मिळतं, एवढंच बघायचं असतं.

आधी कॉलेजचा प्रकार ओळखा. सरकारी कॉलेजं, कॅपमधून (राज्याच्या केंद्रीय प्रवेश प्रक्रियेतून) प्रवेश देणारी खासगी कॉलेजं, आणि अभिमत (डीम्ड) किंवा खासगी विद्यापीठं असे तीन प्रकार आहेत. राज्याच्या शिष्यवृत्त्या पहिल्या दोन प्रकारांत कॅपमधून मिळालेल्या जागेवर चालतात. अभिमत आणि खासगी विद्यापीठांना त्या लागू नाहीत, व्यवस्थापन कोट्यालाही नाहीत. कॅपच्या फेऱ्या संपण्याआधीच 'आत्ता भरा, नाहीतर जागा जाईल' असा फोन येतो तो बहुतेक याच जागांसाठी. घाईत पैसे भरून मोकळं होणाऱ्या पालकांचं खरं नुकसान इथं होतं: मुलाला निम्म्या फीत शिकता आलं असतं, तिथं पूर्ण फी भरावी लागते.

कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न ८ लाखांपर्यंत असेल तर खुल्या प्रवर्गातल्या मुलाला राजर्षी छत्रपती शाहू महाराज शिक्षण शुल्क शिष्यवृत्तीतून शिक्षण शुल्काचे ५० टक्के मिळतात. त्याच उत्पन्न मर्यादेतल्या ईडब्ल्यूएस, एसईबीसी आणि ओबीसी मुलींना २०२४-२५ पासून शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ आहे. विकास शुल्क मात्र दोन्हीकडे पालकांनाच भरावं लागतं. टीएफडब्ल्यूएस म्हणजे शुल्कमाफी योजनेच्या जागेवर शिक्षण शुल्क लागतच नाही, पण ती जागा घेतल्यावर कॉलेज किंवा शाखा बदलता येत नाही. त्यामुळे शाखा मनापासून हवी असेल तरच तो पर्याय भरा.

आता कागद घ्या आणि हिशेब मांडा. खालचे आकडे नमुन्याचे आहेत. तुमच्या कॉलेजचे आकडे शुल्क नियामक प्राधिकरणाच्या संकेतस्थळावरून घ्या, कारण तिथं मंजूर फी कॉलेजवार मिळते. समजा पुण्यातल्या कॅपच्या खासगी कॉलेजचं शिक्षण शुल्क १,२०,००० आणि विकास शुल्क १५,००० आहे. निम्मी सवलत धरली तर वर्षाला ७५,००० भरायचे, चार वर्षांचे ३ लाख. खोली आणि मेसला महिना ९,००० धरून दहा महिन्यांचे ९०,००० होतात, चार वर्षांत ३.६ लाख. म्हणजे ६.६ लाख. सोलापुरात शिक्षण शुल्क ९०,००० आणि विकास शुल्क १०,००० असेल तर वर्षाला ५५,००० प्रमाणे २.२ लाख, जाण्यायेण्याचे वर्षाला १५,००० धरून ६०,०००, एकूण २.८ लाख. पुण्याचं नाव इथं ३.८ लाखांना पडतं. हेच अभिमत विद्यापीठात वर्षाला ३.५ लाख फी असेल तर राहण्याखाण्यासह १७.६ लाख.

मुलगी माफीत बसत असेल तर दोन्हीकडचं शिक्षण शुल्क गळून पडतं आणि फरक मुख्यतः राहण्याखाण्याचाच उरतो. अशा घरांनी 'पुण्याची फी झेपणार नाही' म्हणून पोरीला मागे ठेवू नये. आधी हिशेब करून बघावा, आणि तिच्या प्रवर्गाला सरकारी वसतिगृह किंवा निर्वाह भत्ता मिळतो का तेही विचारावं.

फरक कर्जातून भरणार असाल तर व्याज विसरू नका. दर वर्षी २ लाख असे ८ लाख १० टक्क्यांनी घेतले आणि शिक्षण अधिक एक वर्ष हप्ता सुरू झाला नाही, तर सरळ व्याजानेही त्या काळात २.८ लाख चढतात. मग १०.८ लाखांवर सात वर्षांचा हप्ता महिना १८ हजारांच्या आसपास बसतो. पहिल्या नोकरीचा पगार किती असेल ते धरून हा हप्ता झेपतो का ते बघा. नामांकित संस्थांसाठी पीएम-विद्यालक्ष्मी योजनेत तारण आणि जामीनदार लागत नाही, त्यामुळे तुमची संस्था तिच्या यादीत आहे का ते बँकेत जाण्याआधी तपासा.

नावाची किंमत मोजायची कशी? 'सर्वाधिक पॅकेज' एका मुलाचं असतं. एनआयआरएफ या केंद्र सरकारच्या क्रमवारीत भाग घेणारी संस्था आपल्या संकेतस्थळावर त्यासाठी दिलेली माहिती टाकते. त्यात किती मुलं पास झाली, किती जणांना नोकरी लागली आणि त्यांचा मध्यक पगार किती, हे असतं. मध्यक म्हणजे निम्मी मुलं याच्या वर, निम्मी खाली. मग शाखेला एनबीए ही गुणवत्तेची मान्यता आहे का बघा आणि प्रत्यक्ष जा. हुतात्मा एक्स्प्रेसने सकाळी निघून रात्री घरी परत येता येतं. तिसऱ्या-चौथ्या वर्षाच्या दोन-चार मुलांना प्रयोगशाळेबाहेर गाठून विचारा: तुमच्या शाखेसाठी मागच्या वर्षी किती कंपन्या आल्या, इंटर्नशिप कॉलेजने दिली की स्वतः शोधली?

आमचं मत स्पष्ट आहे. १८५४ पासून चालत आलेलं आणि २०२२ मध्ये विद्यापीठ झालेलं पुण्याचं सरकारी सीओईपी, किंवा तशी दुसरी सरकारी संस्था, हव्या शाखेत कॅपमधून मिळत असेल तर थोडं कर्ज काढून जावं. फी आणि नाव दोन्हीचा मेळ तिथंच बसतो. पण नुसत्या 'पुण्याच्या' नावासाठी नको ती शाखा घेऊन दुपटीहून जास्त पैसे घालण्यापेक्षा वालचंद इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीसारख्या इथल्या जुन्या कॉलेजात हवी ती शाखा घेणं चांगलं. मोठं नाव पुढेही मिळवता येतं: गेट ही प्रवेश परीक्षा देऊन एमटेकला गेलेल्या पात्र विद्यार्थ्याला महिना १२,४०० रुपये शिष्यवृत्तीही मिळते.

पर्याय भरताना क्रमाला फार जपा. २०२५ च्या नियमांत पहिल्या फेरीत पहिला पर्याय, दुसऱ्या फेरीत पहिल्या तीनपैकी आणि तिसऱ्या फेरीत पहिल्या सहापैकी कोणताही मिळाला की जागा आपोआप पक्की व्हायची. ती नको म्हटली तर पुढच्या फेऱ्याही बंद. त्यामुळे 'लागतंय का बघू' म्हणून न परवडणारं कॉलेज वर टाकू नका. यंदाचं माहितीपत्रक उघडून हाच नियम आहे का ते वाचा. कटऑफ यादीतही होम युनिव्हर्सिटी (जिथं बारावी झाली तिथलं विद्यापीठ) आणि बाहेरच्या विद्यार्थ्यांचे रकाने वेगळे असतात. पुण्याच्या कॉलेजांसाठी आपल्याला बहुधा बाहेरचाच रकाना बघावा लागतो.

कागदपत्रांतच जास्त घरं अडकतात. उत्पन्नाचा दाखला, नॉन-क्रिमीलेअर किंवा ईडब्ल्यूएस प्रमाणपत्र यासाठी निकालाची वाट न बघता अर्ज करा, नंतर सेतूत रांगा लागतात. जात वैधता वेळेत आली नाही तर राखीव जागा हातची जाते. महाडीबीटी या राज्याच्या शिष्यवृत्ती पोर्टलवरच्या अर्जाचं दर वर्षी नूतनीकरण झालं का ते बघा, आणि शाहू महाराज योजनेत कुटुंबातली दोनच मुलं बसतात, तेव्हा तिसऱ्यासाठी हिशेब पूर्ण फीचा मांडा. बिडी कामगारांच्या मुलांना केंद्राची वेगळी शिष्यवृत्ती नॅशनल स्कॉलरशिप पोर्टलवर आहे. पण दोन्ही शिष्यवृत्त्या एकदम मिळतील असं धरून चालू नका. वर्ष वाया गेलं तर त्या वर्षाची सवलतही जाते, म्हणून एका वर्षाची पूर्ण फी भरता येईल एवढी रक्कम पहिल्या दिवसापासून बाजूला ठेवा.